नदीकडची भिंत सोडा, बाकीचं दोन रविवारांत होतंय

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. घर जुनं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. धाकट्या मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरलाय. हातात दोन शनिवार-रविवार आहेत, तिसऱ्या रविवारी पाहुणे येणार. बैठकीची खोली, माजघर आणि आतली झोपायची खोली रंगवायची आहे. वर लाकडी तक्तपोशी आहे, ती तशीच ठेवणार. दोन रंगारी बघून गेले. एकानं पंधरा दिवस सांगितले, दुसरा आता फोन उचलत नाही. मुलगा आणि पुतण्या म्हणतात आपणच करू, पण दोघांनी ब्रश कधी हातात धरलेला नाही. भिंतींवर जुना निळसर डिस्टेंपर आहे. माजघराची नदीकडची भिंत २०१९च्या पुरानंतर खालून चार फूट सिमेंटनं प्लास्टर करून घेतली, तर आता त्या प्लास्टरच्या वर पोपडे धरतात आणि पांढरा भुगा झडतो. मुलगा म्हणतो, स्प्रे मशीन भाड्यानं आणू. दुकानदार म्हणतो, एकाच हातात, म्हणजे एकाच थरात, झाकणारा रंग घ्या. मुलीला बैठकीत एक भिंत मोरपंखी हवी आहे. आणि सासऱ्यांनी बैठकीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण पेन्सिलनं करून ठेवली आहे, तिचं काय करावं? लवकर आणि नीट कसं होईल ते सांगा."

ताई, लेकीला आमच्याकडून शुभेच्छा. आता कामाचं बोलू.

तीन खोल्या म्हणजे बारा भिंती. त्यातल्या अकरा तुमची पोरं दोन शनिवार-रविवारांत करतील, ब्रश धरलेला नसला तरी. बारावी, माजघराची नदीकडची, या खेपेला रंगवू नका. तिच्या नादाला लागलात तर बाकीच्या अकरा रखडतील आणि ती स्वतःही टिकणार नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझे वडील मिरजेत रंगारी होते, पुढं मीही तेच केलं. विशीत असताना खणभागातल्या एका घरी लग्नाचं काम घेतलं होतं, माझं पहिलं स्वतंत्र काम. अशीच एक भिंत होती. वडील म्हणाले, हिला हात लावू नको. मी ऐकलं नाही. भिंत खरवडली, लांबी (पुट्टी) भरली, घासून गुळगुळीत केली, वर दोन हात मारले आणि पैसे घेऊन घरी आलो. अकराव्या दिवशी निरोप आला. जाऊन बघतो तर भिंतीला तळलेल्या पापडासारखे फुगे. मालकांनी काही न बोलता त्यातल्या एकाला बोटानं टोचलं आणि आतून मीठ सांडावं तसा पांढरा भुगा फरशीवर पडला. लग्नाला चार दिवस राहिलेले. शेवटी मंडपवाल्याकडून कनात आणून त्या भिंतीपुढं लावली. वडील मला रागावलेसुद्धा नाहीत, ते जास्त लागलं.

तुमच्या भिंतीचं दुखणं काय आहे ते बघा. जुन्या घराची भिंत विटा-दगडांची, आत माती नाहीतर चुना. अशी भिंत पायातली ओल दिव्याच्या वातीसारखी वर ओढते. वर आलेलं पाणी भिंतीच्या तोंडावरून हवेत उडून जातं, पण त्याच्याबरोबर आलेले क्षार मागं राहतात. लोणा लागला म्हणतो तो हाच. त्यात २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची, म्हणजे बारा फूट जास्तच. त्या पाण्यात भिजलेल्या भिंतीत जे क्षार मुरले ते पाणी ओसरल्यावर गेले नाहीत. दर पावसाळ्यात ते हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि पुन्हा फुलतात.

आता सिमेंटचं. पुरानंतर खालचं प्लास्टर निघालं म्हणून घाईनं सिमेंट लावलेली घरं मी पुष्कळ बघितली. चुकलं असं म्हणायला जीभ होत नाही, तेव्हा माणसांना आधी घरात राहायला जायचं होतं. पण सिमेंटमधून ओल सहज बाहेर येत नाही. ती त्याच्या मागून वर चढते आणि सिमेंट जिथं संपतं तिथं बाहेर पडते. तुमचे पोपडे नेमके चार फुटांच्या वर आहेत ते त्यामुळं. अर्थात भिंतीच्या पलीकडं न्हाणी किंवा नळाची पाइप असेल तर आधी तिथं गळती नाही ना ते बघून घ्या. कधी कधी दोष नदीवर जातो आणि गुन्हेगार अर्ध्या इंचाचा पाइप असतो.

या भिंतीला आत्ता एवढंच करा. सुटलेले पोपडे पत्र्यानं, म्हणजे लांबी भरायच्या पातळ पात्यानं, काढा, भुगा कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि आठ दिवसांनी बाहेर येतात. जुना डिस्टेंपर निघेल तेवढा खरवडून काढा, कारण त्यावर चुना धरत नाही. मग चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवायचा. तो पाण्यात पडला की उकळतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत नको, आणि चुना पाण्यात घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. गार झाल्यावर फडक्यातून गाळा, थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. लावताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुना ओल अडवत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. थोडा झडेल, झडू दे. पुढच्या दिवाळीला पुन्हा एक हात मारता येतो. समारंभाच्या दिवशी त्या भिंतीपुढं एखादी जुनी पैठणी सोडा, भिंतीपासून चार बोटं लांब.

पक्कं काम उन्हाळ्यात. चुन्याचं काम येणारा गवंडी बघून ते सिमेंट काढायचं, भिंत वाऱ्यावर वाळू द्यायची आणि मग चुन्याचं प्लास्टर करायचं. जाड भिंत वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. त्याबद्दल वेगळं पत्र लिहा.

बाकीच्या अकरा भिंती कोरड्या आहेत हे धरून चालू नका. विशेषतः बैठकीच्या. सासऱ्यांच्या खुणेच्या खाली दोन-तीन ठिकाणी दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा टेपनं घट्ट बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर आत ओल आहे, त्या भिंतीलाही चुनाच. कोरडं निघालं तर पुढं चला.

आता घाईचं. रंगकामात हात चालतो थोडा वेळ, वाळायची वाट बघण्यात जातो जास्त. लांबी वाळायची, प्रायमर म्हणजे रंगाखालचा थर वाळायचा, पहिला हात वाळायचा. नवखा माणूस घाईत ओल्यावर ओलं चढवतो आणि मग सगळं उलटं काढत बसतो. जाणता रंगारी हे वाळायचं काम रात्रीवर टाकतो, आपण झोपलेलो असताना. तुम्हाला शनिवार-रविवार दिसतात, मला मधल्या संध्याकाळी दिसतात. पोरं कॉलेजातून नाहीतर कामावरून आली की रोज तासभर द्या. तासाचं काम आणि रात्रभर वाळणं. शनिवारी सकाळी भिंत रंगाला तयार उभी असली पाहिजे. शनिवारी खरवडायला बसलात तर रविवारी रात्री अकरा वाजता ट्यूबलाइटखाली दुसरा हात मारताना दिसाल.

सुरुवात आतल्या झोपायच्या खोलीपासून करा, बैठकीपासून नको. पाहुणे त्या खोलीत येणार नाहीत. पोरांना जे शिकायचं, सांडायचं, चुकायचं ते तिथं होऊन जाऊ दे. पहिल्या शनिवार-रविवारी झोपायची खोली आणि माजघराच्या तीन भिंती, दुसऱ्या वेळी फक्त बैठक. तोवर त्यांचा हात बसलेला असेल.

सोमवारी मोजमाप घ्या. मी तुमच्या खोल्या बघितलेल्या नाहीत, पण हिशोब कसा करायचा ते सांगतो. खोली १० बाय १२, उंची १० फूट धरू. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले उंची, झाले ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७ म्हणजे २१, खिडकी ४ बाय ४ म्हणजे १६. वजा जाता उरले ४००च्या आसपास. रंगारी याला चार ब्रास म्हणतील. प्रायमर मारलेल्या भिंतीवर इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) एक लिटर दोन हातांना १०० ते १२० चौरस फूट जातो. म्हणजे या खोलीला पावणेचार लिटर. बैठक १२ बाय १५ असेल तर दोन दारं, दोन खिडक्या वजा करून ४६६, तिला सव्वाचार. माजघर झोपायच्या खोलीएवढंच धरलं आणि मोठी भिंत सोडली तर २८०, त्याला अडीच. सगळे मिळून साडेदहा. तिन्ही खोल्यांना एकच रंग घेतलात तर १० लिटरचा एक डबा आणि १ लिटरचा एक, विषय संपला. तीन खोल्यांना तीन रंग घेतलेत तर तीन डबे, तीन रोलर, तीन वेळा धुणं आणि तिन्ही डब्यांत तळाला उरलेला रंग. एकच घ्या. दोन डबे असले की उघडून एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायचे. मशीनवर एकाच नंबरचा बनवलेला असला तरी दोन डब्यांत किंचित फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

आता एका हातात झाकणाऱ्या रंगाचं. पांढरट भिंतीवर पुन्हा पांढरटच लावायचा असेल तर एक हात कदाचित भागेल. तुमच्या निळसर भिंतीवर नाही. पण दुकानदाराच्या बोलण्यातलं एक घ्या: झाकण्याची ताकद कशात आहे ते बघून रंग निवडा. बदामी, मोतिया, फिका राखाडी यांच्यात पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं, ते खालचं चटकन झाकतात. झगझगीत पिवळा, केशरी, लाल यांना तीन-तीन हात लागतात. मोरपंखीचंही तेच. गडद रंग ज्या बेसमध्ये बनवतात त्यात पांढरं रंगद्रव्य अगदी कमी असतं, त्यामुळं पहिला हात मारल्यावर भिंत अशी दिसते की तुम्ही रडायलाच बसाल. लेकीला सांगा, मोरपंखी भिंत होईल, पण तिच्या मागं एक अख्खा दिवस जाईल. माझं मत विचाराल तर बैठकीला बदामी रंग द्या आणि मोरपंखी शालू तिच्या अंगावर दिसू द्या. तरीही हट्ट असेल तर सर्वात लहान भिंत द्या, आणि तिच्या प्रायमरमध्ये दुकानातून राखाडी छटा घालून घ्या. एक हात वाचतो.

फिनिश मॅट घ्या. जुन्या भिंतीला पोट असतं, लाटा असतात. चमकदार रंगावर खिडकीतला उजेड आडवा पडला की एकेक लाट मोजता येते.

स्प्रे मशीन रिकाम्या बंगल्याला. नांदत्या घरात फवारा उडतो तो कपाटावर, देव्हाऱ्यावर, तक्तपोशीच्या फटीत आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ते सगळं झाकायला जितका वेळ लागेल तेवढ्यात रोलरनं खोली होते. मुलाची हौस मी समजू शकतो, मशीन म्हटलं की हात शिवशिवतात. त्याला रोलरचा लांब दांडा आणून द्या. खरी घाई त्या दांड्यात आहे. दहा फुटी भिंत जमिनीवर उभं राहून मारता येते, घोड्यावर (उंच लाकडी स्टुलावर) चढ-उतर करावी लागत नाही.

मंगळवारी झोपायची खोली मोकळी करा. सगळं बाहेर काढत बसू नका, जड सामान मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरू नका, ती पायाखाली सरकतात आणि ओल्या रंगाला चिकटतात. गोणपाट नाहीतर जुन्या जाड सतरंज्या बऱ्या. शहाबादी फरशी असेल तर जास्त जपा, तिच्यात रंगाचा थेंब मुरला की घासूनही डाग राहतो. त्याच्याही आधी तक्तपोशी केरसुणीनं झाडून घ्या. हे लोक विसरतात. मग पहिला हात ओला असताना वरून पन्नास वर्षांची धूळ खाली येते.

डिस्टेंपरवर तळहात घासून बघा. हाताला पावडर लागली तर त्यावर थेट इमल्शन मारू नका, तो थर खालच्या पावडरीसकट सोलून येतो. स्पंजनं भिंत ओली करा, पाच मिनिटं थांबा आणि पत्र्यानं खरवडा. कोरडं खरवडण्यापेक्षा निम्म्या कष्टात निघतो आणि घरभर धूळ होत नाही. मग ओल्या फडक्यानं पुसून रात्रभर सोडा. माजघरात चुलीची काजळी किंवा तेलकटपणा असेल तिथं धुण्याच्या सोड्याचं पाणी लावून धुवा आणि नंतर साध्या पाण्यानं.

बुधवारी लांबी. इथं एक कळकळीची विनंती: अख्ख्या भिंतीला लांबी भरायच्या भरीस पडू नका. यूट्यूबवर बघून पोरं ते करायला जातील. नवख्यानं भरलेली लांबी म्हणजे दोन दिवस घासकाम आणि डाळीच्या डब्यापर्यंत पांढरी धूळ. फक्त खिळ्यांची भोकं, चिरा आणि पडलेले टवके भरा. चीर आधी पत्र्याच्या कोपऱ्यानं जराशी रुंद करा, आतली माती झाडा, भिजवा आणि मग लांबी दाबून भरा. वरवर पुसलेली लांबी पहिल्या पावसात निघते. खोल असेल तर दोनदा भरा, आज आणि उद्या. सिमेंट पुट्टी कालवलीत तर तासा-दोन तासांत संपेल एवढीच कालवा.

गुरुवारी १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं भरलेल्या जागा घासा, तोंडाला मास्क लावून. शुक्रवारी संध्याकाळी प्रायमर. लांबी भरलेल्या जागा नुसत्या सोडल्या तर त्या रंग जास्त पितात आणि वरून दोन हात मारले तरी तिथं तिथं ठिगळं दिसतात. माजघरासाठी हेच सगळं त्याच संध्याकाळी जोडीनं होईल, दोघं आहेत ना. बैठकीचं दुसऱ्या आठवड्यात.

शनिवारी सकाळी आठला सुरू करा. स्विचबोर्डची झाकणं काढायची असतील तर मेन स्विच बंद करून, नाहीतर नुसती टेप लावा. रंग गाळून घ्या, जुनी नायलॉनची ओढणी त्याला उत्तम. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. रंग वाढवायला पाणी घालणारे खूप बघितलेत, त्यांना तिसरा हात मारावा लागतो.

एकानं ब्रश घ्यायचा, दुसऱ्यानं रोलर. ब्रशवाल्यानं कडा कापायच्या: कोपरे, चौकटीच्या बाजू, कोनाडे, तक्तपोशीखालची पट्टी. अडीच इंची ब्रश, एक तृतीयांश बुडवून, बादलीच्या कडेला हलकेच टेकवून. इथं पोरं नेहमी एक चूक करतात. ब्रशवाला उत्साहानं सगळ्या खोलीच्या कडा कापून मोकळा होतो, आणि रोलरवाला चौथ्या भिंतीपाशी पोहोचेपर्यंत त्या कडा वाळलेल्या असतात. मग रोलरचा रंग त्यावर चढतो आणि भिंतीभोवती चौकट काढल्यासारखी पट्टी दिसते. एका भिंतीच्या कडा कापल्या की लगेच रोलर. ब्रश पुढं, रोलर मागं, दोघांत एका भिंतीचंच अंतर.

रोलर बादलीत बुडवून जाळीवर दोनदा फिरवायचा, ठिबकला नाही पाहिजे. भिंतीवर साधारण तीन फुटांच्या पट्ट्यात नागमोडी फिरवून रंग पसरवायचा, मग वरून खाली सरळ ओढून घ्यायचा. पुढची पट्टी मागच्या ओल्या कडेवर चार बोटं चढवायची. ती कड ओली असेपर्यंत भिंत संपली पाहिजे. चहा भिंत संपल्यावर प्यायचा, भिंतीच्या मध्यावर नाही. आणि रोलर चालू असताना पंखा बंद. वाऱ्यानं कड वाळते. भिंत झाली की खुशाल लावा. रोलर कोरडा पडायला लागला की पोरं तो भिंतीवर दाबतात, त्यानं दोन्ही बाजूंना रंगाच्या रेघा उठतात. आवाज ऐका. ओला रोलर चपचप करतो, सुकायला लागला की त्याचा चिकट, फाटल्यासारखा आवाज येतो. आवाज बदलला की बुडवायचा.

अकरापर्यंत झोपायच्या खोलीचा पहिला हात झाला की माजघरात जा. तिथं पहिला हात होईपर्यंत दुपारचे दोन वाजतील. जेवा. चार तास झाले की झोपायच्या खोलीला दुसरा हात. ब्रश-रोलर मधे धुऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, उद्या सकाळपर्यंतसुद्धा टिकतात. दर वेळी धुण्यात अर्धा तास जातो आणि मोरीही रंगते.

संध्याकाळी पाचनंतर रंग लावू नका, बाहेरचा उजेड हवा. त्या वेळी एक काम करा. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरा. राहिलेल्या जागा, ओघळ, रोलरच्या रेघा सगळं दिसतं. पेन्सिलनं खुणा करा आणि रविवारी सकाळी दुरुस्त करून मगच पुढं. टेप रंग पुरता कडकडीत वाळायच्या आत, तिरकी ओढून काढा, नाहीतर कडेचा रंग सोलून घेऊन येते.

दारं-खिडक्यांना या गडबडीत ऑइलपेंट लावू नका. एका हाताला रात्र जाते आणि वास आठवडाभर राहतो. आणखी एक कारण आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१६ साली आला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ते कोरडे घासले तर शिशाची धूळ घरात उडू शकते, लहान मुलांना आणि गरोदर बाईला ती वाईट. दारं ओल्या फडक्यानं पुसा, साबणाचा हात द्या, पितळी कड्या चिंचेनं घासा. सागवानी दार असेल तर कड्या चमकल्यावर निम्मं काम होतं.

बैठक दुसऱ्या शनिवारी, याच पद्धतीनं. रविवारी दुपारपर्यंत दुसरा हात संपवा म्हणजे पाहुणे यायला अख्खा आठवडा राहतो. हात लावल्यावर भिंत कोरडी लागते, पण रंग आतून पक्का व्हायला अजून काही आठवडे जातात. म्हणून साखरपुड्याची सजावट करणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा: नव्या भिंतीवर सेलोटेप किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची नाही. फुगे काढताना तळहाताएवढा रंग बरोबर येतो. माळा सोडायला वर तुळया आहेत की. सोफा भिंतीला टेकवू नका, आणि महिनाभर भिंत धुऊ नका.

उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. शेड नंबर, कंपनी आणि फिनिश बरणीवर चिकटवा. पाहुण्यांच्या बॅगा घासतातच.

राहिली सासऱ्यांची खूण. तिच्यावर पत्रा फिरवायच्या आधी त्यांना विचारा, हे पहिलं. माझा सल्ला, भिंतीवर ठेवू नका, ती दर पाच-सात वर्षांनी रंगणारच. चौकटीवर घ्या, लाकूड कोण खरवडत नाही. टेपनं फरशीपासून मोजून नेऊ नका, जुन्या घराची फरशी सगळीकडं सारख्या उंचीला नसते. गवंड्याकडं लेव्हलची पारदर्शक नळी असते, ती तासाभरासाठी मागून आणा. नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. पुतण्यानं एक टोक खुणेपाशी धरायचं, मुलानं दुसरं मागच्या दाराच्या चौकटीपाशी. वर-खाली करत नळीतलं पाणी खुणेच्या रेघेला आणलं की चौकटीपाशी ते जिथं थांबेल तिथं खिळ्यानं ओरखडा काढा. तारीख सासऱ्यांना घालू द्या.